द्राक्षाचं सरबत

जळगाव, ८ मार्च २०२६

प्रिय दिपमाला,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, आमच्या ह्यांचाही. म्हणून पत्र. शाळेत दरवर्षी नववीच्या मुलांना पत्रलेखन शिकवते, पण स्वतः शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही. गुड्डीचा खांदा कसा आहे? थंडीत हाड दुखत होतं असं हितेंद्र सांगत होता. रविवारी ती बापाशी दहा मिनिटं फोनवर बोलते, त्यावर त्याचा आठवडा निघतो.

कामाचं आधी लिहिते. आखाजी एकोणीस एप्रिलला आहे, कॅलेंडरात अक्षय्य तृतीया त्या दिवशी दाखवली आहे. गेल्या वर्षी तू म्हणाली होतीस, या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत दारूचा एक थेंब नाही, मग बघू. दहा महिने झाले. आखाजीला तू माहेरी आहेसच, मीही माझ्या माहेरी, धरणगावला आईकडे जाईन. त्यानंतर बुधवारी, बावीस तारखेला, आम्ही गाडी घेऊन तुला आणि गुड्डीला न्यायला धुळ्याला येतो. गुड्डीच्या शाळेत दाखल्याचा अर्ज आत्ताच देऊन ठेव. सुट्ट्या लागल्या की तिथे कोणी भेटत नाही.

तुझ्या वडिलांचं म्हणणं मी विसरले नाही. हितेंद्रने पिऊन मोटरसायकल चालवली, मागे पोर बसलेली, ती पडली. कुठलाही आजोबा रागावेल. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते मला म्हणाले होते, ‘भावाने सोडली असं तोंडाने सांगू नका, दाखवा.’ म्हणून दाखवते. सोबत फोटो आहे.

गेल्या रविवारी आम्ही म्हसदीला धनदाईच्या दर्शनाला गेलो होतो. हितेंद्रची सुटू दे, अनवाणी येईन, असा आईचा नवस होता. तो फेडला. दर्शनानंतर साक्रीच्या पुढे, पिंपळनेर रस्त्याला, एक वायनरी आहे तिथे गेलो. ह्यांच्या ऑफिसात कोणीतरी चार कुपनं दिली होती. फोटो तिथला आहे. डावीकडे हे, मग आई, मग हितेंद्र. टेबलावर ग्लास मांडलेले दिसतात. हितेंद्रच्या पुढ्यातल्या ग्लासात ओतलेलं तसंच आहे आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर आहेत. तुझ्या वडिलांना नीट दाखव. समोर ठेवलेली असून त्याने हात लावला नाही.

उत्तर पाठव. गुड्डीला पापा.

तुझी,
ज्योती अक्का


जळगाव, २१ मार्च

प्रिय दिपमाला,

तुझं पोस्टकार्ड पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. एकच ओळ लिहिलीस: ‘फोटो मिळाला. फोटो काढल्यानंतर काय झालं?’

सासूबाई कशा आहेत, पाडवा कसा झाला, काही नाही. असो. तुझा स्वभाव आधीपासून तसाच, थोडक्यात विचारणारा.

फोटोनंतर विशेष काही झालं नाही. तुला हसू येईल असं सांगते. तिथे माहिती सांगायला एक बाई होती, गळ्यात ओळखपत्र. तिने आम्हाला पाच प्रकारच्या वाईनी चाखायला दिल्या, प्रत्येकाला पाच वेळा, बोटभर. आधी ग्लास फिरवायचा, मग नाक आत घालून वास घ्यायचा, मग लहान घोट तोंडात घोळवायचा. गिळायचा नसेल तर टेबलावर स्टीलचं भांडं ठेवलेलं असतं, त्यात टाकायचा. शेजारच्या टेबलावरचा एक पाहुणा खरोखर थुंकला. आईने पदर तोंडाला लावला.

“जेवाना टेबलवर पिकदानी? काय रीत शे बाई तुम्हनी!”

ती बाई हसली. म्हणाली, “आजी, मी बी साक्रीनीच शे. मलेबी पहिले असंच वाटनं व्हतं.”

मग आई खुलली. तिचं गाव कोणतं, लग्न झालं का, सासू कशी आहे, सगळं विचारून घेतलं. हे ग्लास फिरवायला गेले आणि शर्टावर सांडली. “पुण्या-मुंबईचे लोक दोनशे कोस येऊन पितात, आपण इथले असून आपल्याला धरता येत नाही,” म्हणत रुमालाने पुसत बसले. आईने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “खाटं शे हाई. द्राक्षं कच्ची तोडी लेतस का?”

मी पांढरी चाखली, मग लाल. लाल मला कडसर लागली, जांभळाची बी चावल्यासारखी. चांगली होती की वाईट ते मला कळलं नाही, पण त्या बाईने विचारल्यावर मी चांगली म्हणाले.

हितेंद्र थोड्या वेळाने उठून बाहेर गेला. वेलींच्या रांगांकडे बघत उभा होता. ऊन होतं. मग आम्ही निघालो.

धुळ्यात का थांबलो नाही असं तू विचारलं नाहीस, पण गुड्डीने त्याला फोनवर विचारलं. उशीर झाला होता. गाडी भाड्याची होती, चालकाला परत जायचं होतं.

तुझ्या वडिलांचं काय म्हणणं पडलं ते कळव. दाखल्याचं बघ.

ज्योती अक्का


जळगाव, २ एप्रिल

दिपमाला,

दहा दिवस वाट पाहिली. पोस्टकार्ड नाही. तुझ्या गप्प बसण्यात तोच प्रश्न आहे हे मला समजतं.

तर ऐक. हितेंद्रने आपला ग्लास घेतला नाही हे खरं आहे. आईचा घेतला.

तुला आईची सवय माहीत आहे. तू नऊ वर्षं त्या घरात काढलीस. ती अर्धा कप चहा पिते आणि उरलेला हितेंद्रपुढे सरकवते. ताटातली शेवटची भाकरी, भाजीचा रस्सा, आंब्याच्या रसाची वाटी, सगळं तसंच. आण्णा गेले, डोक्यावरचा बाप गेला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. तेव्हापासून ती आपल्या ताटातलं त्याला भरवते. लग्नानंतर पहिल्या महिन्यात तू मला म्हणाली होतीस, “अक्का, मी वाढते तर आईंना वाटतं कमी वाढलं.” तेव्हा आपण दोघी हसलो होतो.

तर तिथेही तिने तेच केलं. बोटभर वाईन, त्यातला एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. त्या बाईने भांडं पुढे केलं, नको असेल तर यात ओता म्हणून. आईने ग्लास छातीशी धरला. पिकदानीत खाण्यापिण्याची वस्तू ओतायची, तीही देवीला जाऊन आल्या दिवशी? तिने तो हितेंद्रपुढे सरकवला. “ले रे हितू, मन्हाघाई सरत नही.”

त्याने घेतला. पाच प्रकार होते, म्हणजे आईचे पाच उरलेले घोट. सगळे मिळून अर्धा कप भरला नसेल. आईचं उष्टं त्याने उभ्या जन्मात नाकारलं नाही, ते तिथे चार लोकांत कसं नाकारणार? मी त्याला दोष देत नाही. तूही देऊ नकोस. हे पिणं नव्हे. त्याने हौसेने उचललेलं नाही.

मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू ‘एक थेंब’ म्हणाली होतीस आणि तू शब्दाला चिकटून बसशील असं मला वाटलं. वर्षभराचं त्याचं कष्टाचं राहणं पाच घोटांवर मोजू नकोस एवढंच मागते. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामावर वेळेवर जातो. संध्याकाळी आईला हरिपाठ वाचून दाखवतो. गुड्डीसाठी त्याने खोलीला पिवळा रंग दिला आहे.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला कळवू नकोस.

ज्योती अक्का


जळगाव, ११ एप्रिल

दिपमाला,

तुझं दुसरं कार्ड आलं. ‘आईंना ती दारू आहे हे माहीत होतं का?’

नव्हतं.

मी पेपर तपासत होते, ते बाजूला ठेवून हे लिहिते आहे. आता क्रमाने लिहिते.

कुपनं मिळाली तेव्हा ह्यांचा विचार आम्ही दोघांनीच जायचा होता. सगळ्यांना न्यायचं मी ठरवलं. तुझ्या वडिलांचं ते ‘दाखवा’ माझ्या डोक्यात दहा महिने होतं. कशाने दाखवणार? न पिणाऱ्या माणसाचा फोटो कसा काढतात? मला वाटलं, ग्लासासमोर बसवून काढता येईल. एवढं सोपं वाटलं मला. मी शिक्षिका आहे, परीक्षेची मला सवय आहे.

आई वायनरीत पाऊल टाकणार नाही हे माहीत होतं. म्हणून मी तिला सांगितलं की तिथे द्राक्षाचं सरबत करतात, कारखाना बघण्यासारखा आहे. हितेंद्रला गाडीतच खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, “अक्का, मी गाडीत बसतो, तुम्ही जाऊन या.” मी म्हणाले, “पाच मिनिटं बस. एक फोटो, मग बाहेर जा. दिपमालासाठी करते आहे.” तुझं नाव घेतल्यावर तो आला.

फोटो काढून झाला होता. तो उठतच होता. तेवढ्यात आईने ग्लास पुढे केला.

त्याने माझ्याकडे बघितलं. दिपमाला, तो माझ्याकडेच बघत होता, आईकडे नाही. मी एक शब्द बोलले असते तर झालं असतं. “आई, ती दारू आहे, त्याला देऊ नको.” पण मग आईला कळलं असतं की नवस फेडून आल्यावर, कपाळावर देवीचं कुंकू असताना, पोटच्या मुलीने तिला दारू पाजली. मी तेवढ्याला घाबरले. मी त्याला डोळ्यांनी ‘घे’ म्हणाले.

त्याने घेतला. पुढचे चार घेताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मग बाहेर वेलींशी उभा राहिला हे खरं आहे. आत येऊन त्याने ह्यांचा उरलेला ग्लास घेतला आणि माझाही. “कशाला वाया घालवता?” म्हणाला. आई खूश झाली, म्हणाली, मन्हा आंडोरले, मन्हा हितूले आवडनं.

जाताना धुळ्याजवळ तो म्हणाला होता, “गाडी गावातून घ्या ना, देवपुरात पाच मिनिटं थांबू. गुड्डीला खालूनच बघतो.” बायपासने घ्यायला चालकाला मी सांगितलं. उशीर झाला नव्हता, सकाळचे नऊ वाजले होते. कुठे चाललात असं तू विचारलं असतंस, आणि मला फोटो आधी हवा होता. येताना पारोळ्याच्या अलीकडे त्याने पाणी घ्यायला गाडी थांबवली. ढाब्यात शिरला तो अर्ध्या तासाने आला. आई झोपली होती. मी खिडकीतून बघत होते.

तेव्हापासून चालू आहे.

मी आठवड्यातून दोनदा धरणगावला जाऊन येते. दुपारी तो बरा असतो, म्हणून मी दुपारी जायला लागले, हे माझं मलाच परवा लक्षात आलं. मंगळवारी जिनिंगचे मालक सुभाषचंद शेठ यांनी मला फोन केला. आवाज चढवून बोलणारा माणूस नाही तो. “बाईसाहेब, तुमचा भाऊ फिटर नंबर एक. म्हणून तुम्हाला सांगतो, त्याला पंधरा दिवस घरी ठेवा. आमच्या मशीनला माणसाचा हात आणि कापूस यांतला फरक कळत नाही.”

आणि आई मला काय म्हणाली माहीत आहे? “जळगावले भेटस का ते सरबत? हितू आजकाल उदास ऱ्हास. त्या रोज कसा हासत व्हता.”

दाखला काढला असशील तर शाळेत परत दे. काढला नसशील तर राहू दे. बाकी मला अजून ठरवता येत नाही. आखाजीला धरणगावला गेल्यावर बोलते त्याच्याशी.

ज्योती


धरणगाव, २० एप्रिल, सोमवार

दिपमाला,

हे पत्र टपालाने पोचणार नाही, म्हणून चंदनजवळ देते आहे. आमच्या काकांचा चंदन, तुझ्या लग्नात वऱ्हाडाच्या गाडीत ओकला होता तो. तो धुळ्याला रोज कामावर जातो. पत्र तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे.

काल आखाजी झाली. सकाळी आईने आण्णांच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं. गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. हितेंद्र आंघोळ करून पाया पडला. उठताना त्याचा तोल गेला, घागरीवरचं खरबूज त्याच्या धक्क्याने घसरलं. आई म्हणाली, अशक्तपणा शे, चांगलं खाई-पिई नही ऱ्हायना. तो बाहेर गेल्यावर मी दार लोटलं आणि आईला सांगितलं. सरबत नव्हतं, दारू होती. सगळं सांगितलं, तो माझ्याकडे बघत होता तेही.

आईने घसरलेलं खरबूज नीट घागरीवर ठेवलं. मग उठली, मोरीत गेली आणि तिने चूळ भरली. पन्नास दिवसांनी. तीन-चार वेळा भरली. मला वाटलं आता ती मला मारेल. लहानपणी मारायची तशी मारली असती तर बरं झालं असतं. ती परत येऊन बसली आणि म्हणाली, “म्हंजे मीच पाजी का त्याले?”

“नाही आई. मी पाजली.”

“हात त मन्हाच व्हता.”

मी तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

दुपारी खापरावरची पुरणपोळी, रस, सगळं झालं. कोणी जेवलं नाही असं नाही, सगळे जेवले. हे म्हणाले, रसात साखर कमी आहे.

मग आईने मला आत बोलावलं. “दिपमालाले सांगशी का तू?”

“सांगणार.”

“नको सांगू. येऊ दे तिले. ती उनी म्हंजे तो सोडी दी. पोर समोर ऱ्हायनी म्हंजे मानूस सुधरस.”

“आई, पोर मागे बसलेली होती. तेव्हा सुधरला का?”

पण तिने ठरवलेलं आहे. बुधवारची गाडी तिने चालकाला परत एकदा फोन करून पक्की केली.

हितेंद्रशी संध्याकाळी बोलले. तो गच्चीवर होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, “अक्का, मला माहीत आहे तू काय म्हणणार. बुधवारपासून बंद. तिच्यासमोर एक दिवस पिलो तर तू मला जोडे मार.”

मी म्हणाले, “मग आज कर ना बंद.”

“आज नाही होत. ती आली की होईल.”

“आणि नाही झालं तर?”

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या टेबलावर बघितलं होतं अगदी तसं नाही, पण मला तेच आठवलं. तो म्हणाला, “तेव्हा तू गप्प बसलीस ना? आता पण बस.”

हे त्याने रागाने म्हटलं नाही. मागणं केल्यासारखं म्हटलं. तो माझा धाकटा भाऊ आहे, दिपमाला. आई खळ्यावर जायची तेव्हा मी त्याला कडेवर घेऊन फिरायचे. वर्षभर मी तुला जे सांगत आले ते त्याच्यासाठी होतं, तुझ्यासाठी नव्हतं, हे तू ओळखून होतीस. म्हणून तर एकेक ओळीची कार्डं पाठवलीस.

आता तुझ्यासाठी लिहिते.

बुधवारी दहाच्या सुमारास गाडी तुमच्या दारात येईल. मी ती थांबवू शकले नाही. पुढे आई बसलेली असेल, ओटीचं सामान मांडीवर घेऊन. हितेंद्रने दाढी केलेली असेल. तो चांगला दिसेल आणि त्या सकाळी प्यायलेला नसेल. गुड्डीने त्याला बघितलं की ती धावत सुटेल. तुला वाटेल, अक्काने वाढवून लिहिलं. तुझे वडील रागावतील, मग तो रडेल, खरोखर रडेल, आणि तू आतल्या खोलीतून ऐकशील. आई तुझे पाय धरायलाही कमी करणार नाही. मग तू येशील. तू याआधीही दोनदा अशीच परत आली आहेस, आणि दोन्ही वेळा तुला आणायला मीच आले होते.

म्हणून हे पत्र मिळताच निघ. तुझी मावशी शिरपूरला असते ना, तिच्याकडे जा. गुड्डीला घेऊन जा, आई-वडिलांनाही घेऊन जा. चार दिवस तिकडेच राहा. कुठे गेलीस ते मलाही कळवू नकोस, मला विचारलं तर मी सांगून टाकेन.

त्याला परत दारू सोडवायच्या दवाखान्यात नेण्याचं मी बघते. त्याचं काय होईल ते मला आज सांगता येत नाही आणि तुला खोटं सांगायची मला आता भीती वाटते.

बुधवारी मीही गाडीत असेन. आईला उतरायला वेळ लागतो, हितेंद्र पुढे व्हायला लाजेल, तेव्हा जिना चढून वर मलाच पाठवतील. तुमच्या दाराला मला कुलूप दिसू दे.

ज्योती